पाठांतर चोख होते

समोरचा माणूस बोलत असला की त्यांचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. आपण म्हणायला जावं, "काल मेट्रोत एवढी गर्दी होती की..." आणि 'की'नंतर जरा थांबावं, तर ते हळूच पण अगदी स्वच्छ म्हणायचे, "पाय ठेवायला जागा नव्हती." मग हाताचा तळवा पुढे करून, "घ्या, पुढे घ्या." आणि आपण पुढे घ्यायचो. नव्या माणसाला राग यायचा, जुन्यांना सवय झाली होती. दुसऱ्याचं बोलणं तोडून आपलंच घोडं पुढे दामटणारे लोक तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. हे गृहस्थ आपलं हरवलेलं वाक्य आपल्यालाच परत आणून द्यायचे आणि पुन्हा गप्प बसायचे.

ते आमच्या मराठी मंडळाचे प्रॉम्प्टर. नोकरी एका मंत्रालयात. टाइप होऊन आलेलं पत्र मूळ मसुद्याशी ताडून पाहायचं, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ओळीवरून बोट फिरवायचं, असं एक काम त्या काळी सरकारी कचेऱ्यांत असे. त्यांच्या सेक्शनमध्ये मोठ्यानं वाचायचं काम कायम यांचंच. आम्ही सगळे तेव्हा दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत राहायचो. दर संक्रांतीला मंडळाचं स्नेहसंमेलन व्हायचं आणि त्यात एखादं प्रहसन. विंगेत वही घेऊन उभं राहायला माणूस हवा होता. त्यांना कुणी विचारलं नाही. ते आपणहून जाऊन उभे राहिले आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तिथेच उभे होते. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला 'नटवर्य' म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि आदर किती, याचा हिशोब मी फार वर्षं माझ्या बाजूनं लावत आलो.

कारण मी मंडळाचा विनोदसम्राट होतो. ही पदवी मला कुणी दिली ते आठवत नाही, त्या अर्थी ती मीच घेतली असणार. माझी ख्याती पॉजबद्दल होती. एका प्रहसनात मी अकरा वर्षं सरकारी क्वार्टरच्या यादीत ताटकळलेला कारकून होतो. बायको विचारते, "अहो, क्वार्टर मिळालं का?" यावर मी प्रेक्षकांकडे बघत राहायचो. एक सेकंद, दोन, चार, पाच. आधी मागच्या रांगेत खसखस पिकायची, मग सगळा हॉल हसायच्या तयारीत पुढे झुकायचा, आणि तेव्हा मी म्हणायचो, "मिळालं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून." हॉल कोसळायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोक हात मिळवायला यायचे. "क्या टाइमिंग है यार!" म्हणायचे. एका पंजाबी अंडर सेक्रेटरीला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, तोही म्हणाला की तुझं न बोलणं सॉलिड आहे.

खरं काय ते आता सांगायला हरकत नाही. मला ते वाक्य आठवलेलं नसायचं. मी प्रेक्षकांकडे बघत नव्हतो, मी घाबरून गोठलेला असायचो. विंगेतून काका वाक्य द्यायचे आणि मी ते म्हणायचो. ते पाच सेकंद का थांबायचे, हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "तुम्ही आठवायचा प्रयत्न करत होतात. मध्ये बोलणं बरं दिसत नाही."

पुढच्या वर्षी मी ठरवलं की आपण आता पॉजमधले तज्ज्ञ आहोत, तर वाक्यही पाठ करून टाकावं. महिनाभर आरशासमोर घोकलं. प्रयोगात ती जागा आली. मी जाणूनबुजून थांबलो. चेहऱ्यावर असा भाव आणला की बस्स. काकांना वाटलं, नेहमीचंच आहे, आणि यंदा जरा जास्तच लांबलंय. त्यांनी ठणठणीत आवाजात वाक्य दिलं. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, लोक पोट धरून हसले, आणि मग त्या हशात मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, ते कुणीही ऐकलं नाही. प्रयोगानंतर काका कपाळाला हात लावून माझ्याकडे आले. "चुकलं माझं, नटवर्य. पाठ केलं होतंत, आधी सांगायचं ना." मी मोठ्या मनानं त्यांना माफ केलं. माझा तो मोठेपणा आठवला की आजही कान गरम होतात.

रंगमंचाबाहेर त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग आमच्या पोरांना झाला. दिल्लीत वाढलेली मुलं, घरात मराठी बोलायची, पण मधले मधले शब्द गळून पडलेले. माझी मुलगी एकदा नागपूरला आजीशी फोनवर बोलत होती. "आजी, सगळ्यांसमोर नाव घेतलं ना टीचरनी, तर मला एकदम... वो क्या कहते हैं... शर्म जैसी..." काका आमच्या दारावरून भाजीची पिशवी घेऊन चालले होते. न थांबता आत बघून म्हणाले, "ओशाळल्यासारखं झालं. घे, पुढे घे." आणि जिना चढून गेले. हिंदीच्या बाबतीत मात्र सगळा आनंद होता. चाळीस वर्षं दिल्लीत काढून ते भाजीवाल्याला विचारायचे, "भैया, ये दोडका कैसा दिया?" शेवटी भाजीवालाच दोडका म्हणायला लागला.

आता एस्तेरताईंबद्दल. एस्तेर साळवे मूळच्या नगरच्या, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. दिल्लीत त्या एका खात्यात अप्पर डिव्हिजन क्लार्क होत्या. ख्रिसमसला त्यांच्या क्वार्टरमध्ये आम्हा सगळ्यांना करंज्या आणि केक, आणि संक्रांतीच्या प्रहसनात माझ्या बायकोची भूमिका कायम त्यांची. अठरा वर्षं त्यांनी मला रंगमंचावर 'अहो' म्हटलं. मी विसरलो तर त्या पदर सारखा करायच्या, भांडं पुसायच्या, काहीतरी चालू ठेवायच्या आणि डोळ्यांनी मला विंगेकडे वळवायच्या. स्वतः एकदाही, एक शब्दही चुकल्या नाहीत. काका म्हणायचे, "त्यांच्यासाठी मी नुसता उभा राहतो. वही मिटून ठेवली तरी चालेल." पण मिटायचे नाहीत. त्यांच्या प्रत्येक ओळीवर बोट फिरायचं.

निवृत्तीनंतर काका-काकू आणि मी, सगळे मयूर विहारच्या एकाच सोसायटीत आलो. एस्तेरताई मुलाकडे ठाण्याला गेल्या. तिथे त्यांना वयाच्या पासष्टीत एका मराठी वाहिनीवरच्या विनोदी कार्यक्रमात कामं मिळायला लागली. दर आठवड्याला चारपाच प्रहसनं असणारा तो कार्यक्रम. कामं म्हणजे काय, तर दवाखान्यातल्या रांगेतली म्हातारी, लग्नातली आत्या, लिफ्टमध्ये अडकलेल्या चौघांतली एक. वाक्य एक किंवा दोन. पण चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी त्यांचा काकांना फोन यायचा आणि तालीम चालायची. काका डॉक्टर व्हायचे, नवरामुलगा व्हायचे, लिफ्टमन व्हायचे. दीड ओळीच्या पाठांतरासाठी पाऊण तास. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, झालं की नाही त्यांचं लग्न? आमटी थंड होतेय." आणि कार्यक्रम लागला की एस्तेरताईंच्या तोंडून वाक्य यायच्या आत काका सोफ्यावरून ते म्हणायचे.

त्या कार्यक्रमासाठी आमच्या सोसायटीतल्या नऊ मराठी घरांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. ग्रुपचा प्रमुख अर्थातच मी. आपापल्या घरी बसून बघायचं आणि बघता बघताच ग्रुपवर लिहायचं, अशी पद्धत. बाकीचे हसरे चेहरे टाकायचे, मी अभिप्राय द्यायचो. 'पंच घाईत घेतला.' 'इथे पॉज हवा होता.' अडचण एवढीच की सगळ्यांकडे छत्रीवाली डिश होती आणि मी मुलीच्या आग्रहाखातर टीव्ही इंटरनेटवर घेतला होता. माझ्याकडे चित्र अर्धं मिनिट उशिरा यायचं. सगळे हसून मोकळे झाले की मग माझा विनोद यायचा. मी अभिप्राय टाकेपर्यंत लोक जाहिरातीत पोचलेले असायचे. चौथ्या मजल्यावरचे जोशी एकदा लिफ्टमध्ये माझ्या बायकोला हळूच विचारते झाले, "साहेबांची तब्येत बरी आहे ना? जरा उशिरा समजतंय त्यांना हल्ली."

गेल्याच्या गेल्या दिवाळीत एस्तेरताई गेल्या. काका ठाण्याला जाऊन आले. परत आल्यावर महिनाभर त्यांचे ओठ हलताना मला दिसले नाहीत. मग डिसेंबरात त्या कार्यक्रमात जाहीर झालं की पुढच्या रविवारी संध्याकाळी विशेष भाग आहे, त्यात कार्यक्रमाच्या दिवंगत कलाकारांना आदरांजली वाहणार. काका त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले. हातात एक लिफाफा.

"मोठ्या लोकांचे फोटो त्यांच्याकडे असतीलच," ते म्हणाले. "एस्तेरताईंची कामं लहान. राहून जाईल. म्हणून मी पत्र लिहिलंय, कुठल्या कुठल्या भागात होत्या त्याची यादी दिलीय. फोटो ठाण्याला गेलो तेव्हाच त्यांच्या मुलाकडून मागून आणला होता. स्पीड पोस्टानं पाठवू का?"

"काका, हल्ली पोस्टानं कोण पाठवतं? द्या इकडे. मी मेल करतो. पाच मिनिटांत मुंबईत."

"नक्की पोचेल?"

"बिल्कुल."

त्यांचा माझ्यावर विश्वास का होता, कोण जाणे. माझ्या स्मरणशक्तीचा या जगात सगळ्यात मोठा अभ्यास त्यांचाच होता. पण कागद दिला त्यांनी. एस्तेरताईंचा मान म्हणून मी फोटो सगळ्यात भारी दर्जावर स्कॅन केला, पत्रही तसंच केलं, बटण दाबलं आणि जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं तेव्हा "गेलं, काका, टेन्शन घेऊ नका," असं सांगूनही टाकलं. मग ग्रुपवर फर्मान काढलं: रविवारी आपल्या एस्तेरताई दिसणार. त्यांचा फोटो दिसताक्षणी सर्वांनी फुलं टाकायची. खाली माझं नाव आणि कंसात 'ग्रुप प्रमुख'.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी काका-काकूंना रविवारी माझ्या घरी बोलावलं. माझा टीव्ही मोठा होता ना.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकूंनी शाल आणली होती. बायकोनं तिळाची गजक आणि शेंगदाणे ठेवले, ते कुणी घेतले नाहीत. कार्यक्रम सुरू झाला, दोन प्रहसनं झाली, आणि मग रंगमंचावरचे दिवे मंद झाले. मागच्या पडद्यावर एकेक फोटो यायला लागला. आधी मोठी नावं. कार्यक्रमातले नट पुढे येऊन प्रत्येकाबद्दल दोन शब्द बोलत होते. मी एका डोळ्यानं टीव्ही आणि एका डोळ्यानं मोबाइल बघत होतो. ग्रुपवर रडके चेहरे येत होते. 'अरे हे पण गेले?' 'काय माणूस होता!' जोडलेले हात. माझ्याकडे अजून तो माणूस आलेलाच नसायचा. मोबाइलवर आधी दुःख यायचं आणि मग टीव्हीवर त्याचं कारण.

मोठी नावं संपली. मग लहान कामं करणाऱ्यांचे फोटो भराभर यायला लागले. काका सोफ्याच्या अगदी कडेला आले होते.

आणि मोबाइल थरथरला. जोश्यांची फुलं. पाठोपाठ पहिल्या मजल्यावरून फुलं, मग सातव्या, मग सगळ्यांची. स्क्रीनभर गुलाब आणि झेंडू. मी अक्षरशः ओरडलो.

"आल्या! काका, आल्या! सगळ्यांना दिसल्या. आपल्याकडे आता येतील, अर्ध्या मिनिटात!"

काका उभे राहिले. काकूंनी त्यांच्या कोपराला धरलं आणि त्याही उठल्या. मग मी आणि बायको बसून कसे राहणार? आम्ही चौघं टीव्हीसमोर उभे होतो. ते अर्धं मिनिट मी आयुष्यात घेतलेल्या सगळ्या पॉजपेक्षा मोठं होतं. पडद्यावर एक गृहस्थ आले, गेले. मग एक बाई आल्या. पांढरे केस, गोल चेहरा, जाड चष्मा.

"या नाहीत," काका म्हणाले.

त्या नव्हत्याच. चष्मा तेवढा तसाच होता. जोश्यांनी घाईत फुलं टाकली होती आणि जोश्यांवर विसंबून बाकीच्यांनी. माझ्या हातात मोबाइल पुन्हा थरथरायला लागला. 'हा मेसेज डिलीट केला आहे.' 'हा मेसेज डिलीट केला आहे.' एकाखाली एक, सात वेळा. मी तो सोफ्यावर उलटा टाकला.

काका बसले नाहीत. अजून सातआठ फोटो आले. प्रत्येक फोटोला काकू त्यांच्याकडे बघायच्या आणि ते मान हलवायचे, नाही. मग फोटो संपले. रंगमंचावर सगळे नट रांगेत हात जोडून उभे राहिले आणि शांतता झाली.

काकांचा एक नियम होता, सगळ्या नव्या नटांना ते तो आधी सांगायचे. नटानं वाक्य गाळलं तर प्रॉम्प्टरनं ते परत द्यायचं नाही. पुढचं द्यायचं. गाळलेलं परत दिलं की नाटक मागे जातं आणि सगळ्यांचीच फजिती होते. त्यांच्याकडून शिकलेलं एवढं एकच मला पाठ होतं.

त्या शांततेत काका टीव्हीकडे बघून म्हणाले, "आणि एस्तेर साळवे."

आवाज विंगेतला होता, हळू आणि स्वच्छ. ते थोडं थांबले. टीव्हीतली माणसं तशीच उभी होती. काका पुन्हा म्हणाले, "एस्तेर साळवे." मग संगीत सुरू झालं, जाहिरात लागली. माझी बायको आत निघून गेली. मला रडू आवरत नव्हतं आणि मी ते दाखवायच्या लायकीचा नव्हतो, हे मला अजून माहीतही नव्हतं.

"मेल पोचली होती ना?" दारात चपला घालताना काकांनी विचारलं.

"पोचली होती, काका. त्यांचंच काहीतरी राहून गेलं असणार."

"अच्छा," ते म्हणाले. "चलो."

सोमवारी सकाळी त्या वाहिनीला खरमरीत पत्र लिहावं म्हणून मी कंप्यूटर उघडला. 'आपल्याला दिनांक अमुकला पाठवलेल्या मेलमध्ये' असं लिहायचं होतं, म्हणून ती मेल शोधायला गेलो. ती ड्राफ्टमध्ये होती. फोटो इतक्या भारी दर्जाचा स्कॅन केला होता की फाइल मोठी झाली आणि मेल गेलीच नाही. खाली तसं लाल अक्षरांत लिहिलेलंही होतं. मी जेवायला गेलो होतो.

काकांचं पत्र मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. सरळ, वळणदार अक्षर, मसुद्यासारखं क्रमांक घातलेलं. सात भागांची यादी, प्रत्येक भागात कोणती भूमिका आणि कोणतं वाक्य. शेवटी लिहिलं होतं, 'भूमिका लहान होत्या. पाठांतर चोख होते. कृपया विचार व्हावा.'

मी दोन दिवस त्यांना चुकवत राहिलो. जिन्यात पावलं वाजली की लिफ्ट घ्यायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या बूथपाशी, धुकं होतं त्यामुळे ते अगदी जवळ येईपर्यंत दिसलेच नाहीत. पळायला जागा नव्हती.

"काका, ती मेल..." मी सुरू केलं आणि पुढचे शब्द काही केल्या येईनात.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला वाक्य दिलं नाही. नुसते बघत राहिले. ते त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

"गेली नव्हती," मी म्हणालो. "माझ्याकडेच पडून होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं असं नाही, मला वाटलं गेली. पण बघितलं नाही. माझ्यामुळे राहिल्या त्या."

त्यांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांना लागलं होतं, आणि ते लपवायची कला त्यांना नव्हती. नट नव्हते ना ते.

"फोटो आहे ना नीट?" शेवटी त्यांनी विचारलं. "तो त्यांच्या मुलाचा आहे. परत पाठवायचाय. तो मीच पाठवतो, पोस्टानं."

"आहे, काका."

"आणि हे जोश्यांना सांगू नका. जन्मभर ऐकवतील तुम्हाला." दोन पावलं गेले आणि वळले. "काकूंनाही नको. त्यांना वाहिनीवाल्यांवर रागावू दे. ते लोक तिकडं लांब आहेत."

त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. पण तो कार्यक्रम त्यांनी पुन्हा पाहिला नाही. होळी झाल्यावर आठ दिवसांनी, दुपारी जेवून पडले होते, तेव्हा झोपेतच गेले. निगमबोध घाटावर आम्ही मंडळाची बारा माणसं होतो आणि बोलायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले आणि मागे झालो. विनोदसम्राटानं घेतलेला एवढाच एक शहाणा निर्णय.

यंदाच्या संक्रांतीला मंडळानं ठरवलं, आपणही आपल्या गेलेल्या कलाकारांना आदरांजली वाहायची. काम माझ्याकडे. या वेळी मी काही म्हणजे काही सोडलं नाही. घरोघरी जाऊन अल्बम आणले, एकेक फाइल तीनतीनदा उघडून पाहिली. एस्तेरताईंचे फोटो पुष्कळ मिळाले, कारण माझे पुष्कळ होते आणि त्या शेजारी असायच्या. काकांचा रंगमंचावरचा फोटो एकही नव्हता. कसा असणार? अठ्ठावीस वर्षं कॅमेरा आमच्याकडे आणि ते विंगेत. काकूंनी पेन्शनच्या पुस्तकातला फोटो दिला. त्यात ते सरकारकडे बघत होते.

सोसायटीच्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती. दिवे मंद केले, मी लॅपटॉपपाशी. पेन्शनचा फोटो आला. लोक चुकचुकले, कुणीतरी "भला माणूस" म्हणालं. एवढंच. तरुण पोरांना ते कोण हेही माहीत नव्हतं. मग त्याच क्वार्टरवाल्या प्रहसनाचा फोटो आला. मधोमध मी, चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटलेली, शेजारी एस्तेरताई. हॉल माझ्या मिशीला खदखदून हसला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी तो फोटो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला.

"थांब," पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या. हसणं थांबलं. त्या खुर्चीचा हात धरून उठल्या होत्या. "तिकडं, डाव्या हाताला बघ. कडेला."

मी पाहिलं. फोटोच्या अगदी कडेला, विंगेच्या कापडातून तपकिरी स्वेटरची एक बाही बाहेर आलेली होती. मनगट, आणि त्याच्या पुढे चार बोटं.

"ती बाही मी विणलीय," काकू म्हणाल्या. "लंच टाइमला, माझ्या ऑफिसच्या लॉनवर बसून. कोपरापाशी टाके चुकले होते. ते म्हणाले, असू दे."

मी फोटो मोठा करायला लागलो. तिकडं मोठा करायचा तर इकडचं बाहेर जाणारच. आधी माझी मिशी गेली, मग अर्धा चेहरा, मग मी सगळाच. एस्तेरताईंचा खांदा थोडा वेळ राहिला. मग पडदाभर ती बाही आली, एवढी मोठी की कोपरापाशी चुकलेले टाके मोजता यावेत. हॉलमध्ये कुणी चुकचुकलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतली पोरंही नीट बघायला उभी राहिली.

"आता राहू दे तसंच," काकू म्हणाल्या.

पुढे अजून अकरा फोटो होते. त्यातल्या नवांत मी होतो. ते मी दाखवले नाहीत.